कापलेली सहा पावलं

पडद्यावर माझा भाऊ धावत्या आगगाडीतून उडी मारतो. पाय जमिनीला टेकतात आणि पुढच्याच क्षणी तो रुळांशेजारी ताठ उभा असतो, हात झटकत. गाडी धुरळा उडवत निघून जाते. तंबूतली माणसं शिट्ट्या मारतात. उडी माझ्या भावाची आहे. ताठ उभा राहतो तो मुंबईचा नट. या दोघांच्या मधे सहा पावलं होती. ती मी डोळ्यांनी पाहिली होती, आणि ती कात्रीनं कापली हेही मला ठाऊक होतं. ते मी वेळेवर चारचौघांत बोलले असते तर भाऊ जगला असता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं पुढे उगाच आशा धरू नये.

गोष्ट चित्रं बोलायला लागायच्या आधीची. आम्ही वलवणचे. धरण झालं तेव्हा आमची भाताची खाचरं पाण्याखाली गेली. उरला तो उतारावरचा एक तुकडा आणि दोन म्हशी. लग्नानंतर दोन वर्षांत मी विधवा होऊन माहेरी आले, पुण्याला राहून शिक्षिकेची परीक्षा दिली आणि लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत लागले. गणित शिकवायचे. आईवडील पाठोपाठ गेले. मग घरात मी आणि माझ्याहून आठ वर्षांनी लहान असलेला भाऊ, एवढेच राहिलो. तो तळेगावला एका लाकडाच्या वखारीत कामाला जायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचा.

घाट उतरायच्या आधी प्रत्येक गाडी लोणावळ्याला थांबते, त्यामुळे आमच्या गावाजवळ ती बरीच हळू झालेली असते. स्टेशनपर्यंत जाऊन पुन्हा मागे चालत येण्यापेक्षा आमच्याकडचे पुरुष तिथंच उतरत. नियमात बसणारं नव्हतं, पण सगळे उतरत. त्याची एक रीत होती आणि ती बाप मुलाला शिकवी. तोंड इंजिनाकडे. एका हातानं दांडी घट्ट, दुसरा हात मोकळा. अंग मागे रेललेलं. पाय टेकला की गाडीच्या बरोबरीनं पळायचं, आणि पळायला लागल्यावरच दांडी सोडायची. गाडीत बसलेल्या माणसाच्या अंगात गाडीचाच वेग असतो. पाय जमिनीवर थांबतात, पण अंग थांबत नाही. तो वेग पावलापावलानं जिरवावा लागतो. हे मी पुस्तकात वाचलं, भावाच्या तळपायांना ते माहीत होतं.

त्याला असं उतरताना मुंबईच्या एका सिनेमा कंपनीच्या माणसानं पाहिलं. कंपनी मारामारीचं चित्र काढत होती. नायकाला आगगाडीतून उडी मारायची होती आणि नायक ती मारायला तयार नव्हता. भाऊ त्याच्याच अंगलटीचा. त्यांनी एक इंजिन आणि तीन डबे दोन तासांसाठी मिळवले होते. रविवार होता. बायामाणसांच्या चहापाण्याचं बघायला कोणीतरी हवं म्हणून मलाही बोलावलं, म्हणून मी तिथं होते.

भावाला नायकाचा कोट चढवला, डोक्यावर हॅट दिली. पहिल्या खेपेला गाडी बऱ्यापैकी वेगात आली. भाऊ रीतसर उतरला, पंधरा-वीस पावलं पळाला आणि थांबला.

"अरे, हा चित्राच्या बाहेर पळून जातो," डायरेक्टर वैतागला. "उडी मार आणि तिथंच उभा राहा."

"सायेब, उभा कसा ऱ्हाऊ?" भाऊ म्हणाला. "म्या गाडी सोडली तरी गाडी मला सोडत न्हाई."

"आमचा नायक असा पळत सुटत नाही."

"मंग त्येलाच मारू द्या की उडी."

सगळे हसले. नायक छत्रीखाली सोडा पीत बसला होता, तोही हसला.

मग गाडी अगदी हळू केली. माणूस भरभर चालेल तेवढाच वेग. तरीही भावाला सहा पावलं पळावं लागलं, आणि इंजिनाऐवजी फोटोच्या पेटीकडे तोंड ठेवायला सांगितलेलं असल्यामुळे शेवटी एक गुडघाही टेकला. चार वेळा घेतलं, चारही वेळा सहा पावलं. मी मोजत होते. मला मोजायची सवयच आहे. फोटो घेणारा माणूस पिकल्या केसांचा होता, पेटीचं हँडल हातानं फिरवायचा. मी त्याला विचारलं की अशी रखडत चाललेली गाडी बघायला पैसे देऊन कोण येईल?

"बाई, हँडल हळू फिरवलं की पडद्यावर सगळं जोरात पळतं," तो म्हणाला. "ही गाडी तुम्हाला मेल वाटेल."

"आणि ती सहा पावलं?"

त्यानं दोन बोटांची कात्री करून दाखवली.

दिवाळीनंतर ते चित्र लोणावळ्यात तंबूत लागलं. अर्धं वलवण बघायला गेलं. चित्राशेजारी उभा राहून ओरडून गोष्ट सांगणारा एक माणूस असायचा. तो म्हणाला, "मेलगाडी! साठ मैलांचा वेग!" आणि खरोखरच ती मेलगाडी दिसली. भावानं उडी मारली, आणि तिथंच, जागच्या जागी, नायक उभा. उडी मारताना डोक्यावरची हॅट उडाली होती. खरी हॅट वाऱ्यावर रमतगमत खाली आली होती, पडद्यावर ती दगडासारखी आदळली. इंजिनाचा धूर उतू जाणाऱ्या दुधासारखा भसाभस वर येत होता. म्हणजे एकटी गाडीच नव्हे, चित्रातलं सगळं जगच घाईत होतं. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं आणि मी गप्प बसले, कारण भोवती सगळे माझ्या भावाचं नाव घेऊन ओरडत होते.

सुरुवातीला तो सांगायचा. "गाडी लय हळू व्हती. आन् म्या पळालो बी व्हतो." लोकांना ते नको होतं. "लाजू नकोस की," म्हणायचे. दहा जणांना सांगून झाल्यावर त्यानं सांगणं सोडलं. पुढे पुढे कोणी विचारलं की नुसता हसायचा. एकदा मी त्याला अंगणात कुंपणावरून उडी मारून जागच्या जागी थांबायचा प्रयत्न करताना पाहिलं. मी म्हटलं, "काय करतोस?" तो म्हणाला, "काय न्हाई, आक्का."

त्याचं लग्न जमत नव्हतं. जमीन पाण्याखाली, घरात विधवा बहीण. दोन ठिकाणचे पाहुणे येऊन पोहे खाऊन गेले होते. चित्र लागलं आणि बेडशाहून आपणहून निरोप आला. मुलीला बाप नव्हता, सगळं तिचा मामा बघायचा. बेडसे डोंगरापाशी, लेण्यांच्या खाली, रुळांपासून लांब; त्यांचं स्टेशन कामशेत. तिथल्या माणसांना वर्षातून एखाद वेळा गाडीत बसायचा प्रसंग. मामानं चित्र पाहिलं होतं, दोनदा. सुपारी फुटली त्या दिवशी तो आमच्या ओसरीवर बसून भावाकडे अशा कौतुकानं बघत होता की मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

"गाडीतनं उडी मारून जागच्या जागी हुबं ऱ्हाता म्हनं, पावनं," तो म्हणाला. "आमच्या गावाला बी दावा की एकदा. का सिनेमावाल्यांनाच?"

"मामा, उगं..." भाऊ म्हणाला.

"आता का? भ्या वाटतं का आमचं?"

माणसं हसली. भाऊही हसला. "लगनाच्या दिशी दावतो. कामशेतात."

मी आतल्या दारात उभी होते. तिथून एक वाक्य बोलायचं होतं: गाडी चालीनं चालली होती आणि हा सहा पावलं पळाला. बोलले नाही. नंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं सांगितली. शुभकार्याच्या बैठकीत विधवेनं मधे बोलायचं नसतं, हे एक. पाहुण्यांपुढे भावाला खोटं कसं पाडायचं, हे दुसरं. दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही फालतू आहेत. सोयरीक त्या उडीवर जमली होती आणि मला ती मोडायची नव्हती. एवढंच.

लग्नाच्या सकाळी मात्र मी त्याला एकट्याला गाठलं. हळद लागलेली, नवा फेटा, नव्या वहाणा, हातात कट्यार आणि तिच्या टोकाला लिंबू.

"कामशेतात गाडी आपल्या गावच्यासारखी हळू होत नाही," मी म्हटलं. "स्टेशनात शिरेपर्यंत जोरात असते. तू थांबल्यावर उतर."

"आक्का, म्या रोज उतरतो की."

"रोज कट्यार असते का हातात?"

त्यानं हाताकडे पाहिलं. हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत नवरदेवानं कट्यार हातातून सोडायची नाही, नाहीतर बाधा होते, असं आमच्यात मानतात. तेवढ्यात आमचे चुलते आले. मी त्यांना म्हटलं, गाडीत असेपर्यंत कट्यार करवलीकडे द्या. ते म्हणाले, "तू नगं सांगू ह्यातलं." मी सांगितलं नाही. पळायला पाय मोकळे लागतात, तसा एक हातही मोकळा लागतो तोल सावरायला. दांडी धरलेला हात आणि कट्यार धरलेला हात, मोकळा कुठला राहिला? साधी वजाबाकी होती.

वऱ्हाड लोणावळ्याला गाडीत बसलं. पुरुष पुढच्या डब्यात, आम्ही बायका मागच्या. मी खिडकीपाशी होते. कामशेत जवळ आलं तशी मी रुळांच्या सांध्यांचे ठोके मोजायला लागले. ते काही केल्या लांबत नव्हते, म्हणजे वेग तसाच होता. दूरवर फलाट दिसला, त्यावर मामा, बेडशाची माणसं आणि वाजंत्री. गाडी दिसताच वाजायला लागलं. पुढच्या डब्याच्या दारात पिवळा फेटा बाहेर आला.

त्याचं तोंड इंजिनाकडे नव्हतं. माणसांकडे होतं, चित्रातल्यासारखं.

पाय टेकले ते मी पाहिले. पाय थांबले. बाकीचा तो गाडीबरोबर पुढे गेला, आडवा, फलाटाच्या कडेकडेनं, आणि मग कडेवरून खाली, रुळांकडे. वाजंत्री थोडा वेळ वाजतच राहिली. त्यांना वाटलं, आता उठेल. आमचा डबा त्याच्या मागचा होता. तो भावावरून गेला की त्याआधीच गाडी थांबली, हे मी आजपर्यंत कोणाला विचारलेलं नाही.

आमच्या गावात म्हणाले, विधवा बहीण वऱ्हाडात आली म्हणून झालं. मला राग आला नाही. त्यांनी कारण चुकीचं धरलं होतं, माणूस बरोबर धरलं होतं. बेडशात म्हणाले, मुलगी पांढऱ्या पायाची. ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

मी आठव्या दिवशी शाळेत गेले. घरी बसून काय करायचं होतं? पण पायांना एक खोड लागली. गाडीत बसले आणि ती हळू व्हायला लागली की माझे दोन्ही पाय आपोआप जमिनीवर रुततात, बोटं वळतात, पोटऱ्या ताठ होतात. गाडी पूर्ण थांबेपर्यंत ते सुटत नाही. शेजारच्या बायका विचारतात, पेटके येतात का हो? मी हो म्हणते. मधल्या सुट्टीत मुली पळत येऊन भिंतीला हात लावून थांबत, तेव्हा त्यांची शेवटची पावलं मी मोजत असे. बिनपावलांची थांबणारी एकही मुलगी मला कधी दिसली नाही.

आणि चित्र मेलं नाही. माणूस मातीत गेला, पण ते चित्र दरवर्षी सुगीनंतर तंबूबरोबर यायचंच. एका वर्षी शाळेसमोरच्या वखारीच्या भिंतीवर त्यांनी त्याची जाहिरात रंगवली. दोन पुरुष उंचीची गाडी, दारातून झेपावलेला माणूस, हवेत. कोट भावाच्या अंगावरचा, तोंड नायकाचं. सबंध तीन महिने तो माझ्या वर्गाच्या खिडकीसमोर हवेत होता. मी फळ्याकडे तोंड करून त्रैराशिक सांगायचे आणि वळले की तो तिथंच असायचा, जमिनीपासून हातभर वर, न टेकलेला. कधी कधी वाटायचं की मी फळ्याकडे बघत असते तेवढ्यात तो टेकत असेल. हे मूर्खपणाचं होतं हे मला कळत होतं. तरीही मी एकदोनदा चटकन वळून पाहिलंच.

मी तंबूच्या मालकाकडे गेले. म्हटलं, ते चित्र इथं दाखवू नका, त्या उडीतला माणूस माझा भाऊ होता आणि तो तशीच उडी मारून गेला. मालकानं मला खुर्ची दिली, वाईट वाटलं म्हणाला. मग म्हणाला, "बाई, पण लोक तर ती उडीच बघायला येतात." खरंच होतं ते.

त्याच्याकडूनच कळलं की बेडशाकडचीही माणसं येतात, आणि त्यांच्यातला एकजण सांगत होता की त्या मुलीला अजून कोणी पत्करत नाही. चार वर्षं झाली होती. ती बारशाला, हळदीकुंकवाला कुठं बोलावली जात नव्हती. शाळेला सुट्टी लागली तशी मी कामशेतला उतरले, गाडी थांबल्यावर, आणि बैलगाडीनं बेडशाला गेले.

मामा ओट्यावर दोर वळत बसला होता. मला बघून उठला. फार म्हातारा झालेला दिसला. मी पाणी प्यायच्या आधीच सगळं सांगितलं: हळू गाडी, हँडल, सहा पावलं, कात्री. त्याला हँडलचं काही कळलं नाही, सहा पावलांचं कळलं.

"तुमास्नी तवा ठावं व्हतं?"

"होतं."

"मंग सुपारीलाच का न्हाई बोलला, बाई?"

"सोयरीक मोडली असती."

त्यानं दोर बाजूला सारला. "मोडलीच की," म्हणाला.

दारात मुलगी तांदूळ पाखडत बसली होती. मी तिला पहिल्यांदाच नीट पाहत होते. अठरा-एकोणीसची असेल. तिनं सूप खाली ठेवलं.

"घरात सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "मला नावं ठिवत्यात ती पारावर."

म्हणून आम्ही पारावर गेलो. आठ-दहा पुरुष होते. मी परत सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी, कारण मी शिक्षिका.

"बाई, पडद्यावर पायलंय आमी डोळ्यांनी," एकजण म्हणाला. "हुबं ऱ्हाता येतंया. त्या दिशी वेळ वंगाळ व्हती."

"आन् पाय वंगाळ," दुसरा म्हणाला, मुलीकडे न बघता.

बोलून उपयोग नव्हता. मी म्हटलं, "बैलगाडी जोडा. पळवा. आणि तुमच्यातला कोणीही तिच्यातून उडी मारून जागच्या जागी उभा राहून दाखवा. पळायचं नाही. बैलगाडीच आहे, आगगाडी नाही."

त्यांना गंमत वाटली. तालमीतला एक गडी लगेच चढला. बैल पळवले, त्यानं बाजूला तोंड करून उडी मारली आणि सपशेल तोंडावर आला. सगळे खो खो हसले. "आरं, भुईला काय इचारतोस?" दुसरा चढला, तो दोन-चार पावलं धडपडून खांद्यावर आपटला. "पळालास, पळालास," बाकीचे ओरडले. तिसरा गेला. चौथ्या खेपेला हसणं कमी झालं. पाचव्याला कोणी चढेना.

मग मामा उठला. मी नको म्हटलं. त्यानं ऐकलं नाही, कडेला धरून वर चढला, गाडीवानाला म्हणाला, "हान." बैल पूर्ण पळाले. त्यानं आमच्याकडे तोंड केलं, एक हात वर धरला, मुठीत काही असल्यासारखा, आणि उडी मारली. पाय टेकले, थांबले. अंग पुढे गेलं. तो दोन्ही तळहातांवर घसरत गेला आणि धुळीत बसून राहिला.

मी जवळ गेले.

"ती गाडी किती जोरात व्हती?" त्यानं विचारलं.

"या बैलांच्या तिप्पट. जास्तच."

तो तळहातांकडे बघत होता. खडे रुतले होते, रक्त येत होतं. "म्या म्हनलं व्हतं त्येला," तो म्हणाला. "दावा म्हून."

"मी ऐकलं होतं," मी म्हटलं.

मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली, त्याच्यासमोर धुळीत बसली आणि त्याच्या तळहातातले खडे एकेक करून काढायला लागली. मघाचे पडलेले चौघेही कोपरं, गुडघे चोळत तिथंच उभे होते. पाणी उरल्यावर तिनं तांब्या त्यांच्याकडे केला. तालमीतल्या गड्यानं क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, मग तिच्या हातून तांब्या घेतला आणि तोंड धुतलं.